रंगाखालचा रंग

आमच्या घरखर्चाच्या वहीत दूध, गॅस, लाइट बिल, कामवाल्या मावशींचा पगार अशी ठरलेली पानं असतात. गेल्या वर्षी जानेवारीत त्यात एका नव्या पानाची भर पडली. वर मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'फियाट'. खाली पहिली नोंद होती, 'गाडी ओढून नेणे, टेम्पो आणि दोर'. बाकीची पानं महिन्याच्या महिन्याला मिटतात. हे पान दिवाळीपर्यंत उघडं राहिलं.

गाडी १९६९ सालची, फियाट ११०० डिलाइट. त्या काळी हातात पैसे असले तरी गाडी मिळत नसे. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ती बनायची. १९४४ साली ती कंपनी काढणारे वालचंद हिराचंद म्हणजे सोलापूरचे, आपल्या समाजातले. मामंजी ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगत. सांगत नसत ती गोष्ट अशी, की गाडीच्या पैशांत सासूबाईंच्या चार पाटल्याही गेल्या होत्या.

मामंजींना जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. बेळगावचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना ताडपत्रीखाली काय होतं ते सांगायला नको. मुलाचं लग्न ठरलं, वैशाखातली तारीख निघाली आणि ह्यांच्या मनानं घेतलं, की वरात ह्याच गाडीतून काढायची.

"पांढरीशुभ्र करून घेऊ, पहिल्यासारखी," दिवस मावळायच्या आधी सगळे जेवायला बसलो होतो तेव्हा हे म्हणाले.

सासूबाईंनी ताकाचा पेला खाली ठेवला. "पहिल्यासारखी म्हणजे पांढरी नव्हे. गाडी निळी होती."

हे माझ्याकडे बघून हसले. कोल्हापूरच्या भाऊजींना फोन लावला तर तेही तेच म्हणाले, "आईचा घोळ होतोय. निळी गाडी मामाची. आपली पांढरीच." आल्बममधले फोटो कृष्णधवल. आर.सी. बुकावर रंग पांढरा. पुरावा सगळा दोघा भावांच्या बाजूचा.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. अलीकडे सकाळची गोळी घेतली की नाही हे त्या विसरतात, कधी चष्मा डोळ्यावर असताना शोधतात. त्यामुळे घरात सगळ्यांना एक सवय लागली आहे. त्या काही बोलल्या की आधी एकमेकांकडे बघायचं, आणि मग "हो हो, आई" म्हणायचं. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं कुणी खोडून काढत नाही, फक्त बाजूला ठेवतं. तुमच्याही घरात हे चालत असेल. त्या रात्री सासूबाईंनी दुसऱ्यांदा निळ्याचं नाव काढलं नाही.

गाडी उद्यमबागेच्या बाजूला एका मिस्त्रींकडे नेली. आमच्या भागात ह्या कामाला टिंकरिंग म्हणतात. पत्र्याचं काम करणारा टिंकर, रंग मारणारा पेंटर. हे मिस्त्री दोन्ही करतात. साठी ओलांडलेला माणूस, बोलणं कमी, मदतीला एक पुतण्या. हिशेब माझ्याकडे असल्यामुळे पहिल्या दिवशी मीही गेले होते. ह्यांनी लगेच विचारलं, "रंगाचा किती खर्च?"

"रंगाचं मागनं बघू की," मिस्त्री म्हणाले. "आधी पत्रा काय म्हंतोय ते बघू."

त्यांनी खिशातून एक लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि गाडीवरून हळूहळू फिरवायला लागले. छतावर चिकटलं. बॉनेटवर चिकटलं. दारांच्या खाली जी लांब पोकळ पट्टी असते तिथं आलं आणि टपकन खाली पडलं. मागच्या चाकाच्या कमानीवरही तेच. चुंबक लोखंडाला धरतं, पुट्टीला धरत नाही. वरून गाडी सलग पांढरी दिसत होती. पण ह्या दोन जागी पांढऱ्या रंगाखाली पत्राच उरला नव्हता.

छिन्नीनं पुट्टी उडवली तर दोन बोटं जाड थर निघाला, आणि त्याच्या मागं कोंबलेलं गोणपाट. कधीतरी कुठल्यातरी गॅरेजनं गंजलेलं भोक असं बुजवून वर रंग मारून दिला होता. कुणी, कधी, हे विचारण्यात आता अर्थ नव्हता. पुट्टी ओल धरते. गंजावर पुट्टी भरली की गंज थांबत नाही, झाकला जातो आणि आत निवांत वाढतो. वर रंगाला फोड येईपर्यंत बाहेर काही कळत नाही.

मिस्त्रींनी दोन हिशेब सांगितले. वरवर भरून, घासून, रंग मारून नव्वद हजार, आणि लग्नाआधी गाडी दारात. किंवा सडलेला पत्रा कापून, नवा जोडून, सगळा रंग काढून पहिल्यापासून करायचं तर एक लाख साठ हजार, आणि तारीख विचारायची नाही. फियाटला वेगळी चासी नसते, तिची बॉडी हाच तिचा सांगाडा, असं त्यांनी समजावलं. दारांखालची ती पट्टी म्हणजे नुसती शोभा नव्हे, त्यावर गाडीचा भार असतो. "वरून कितीबी चमकली तरी आत कंबर मोडलेली राहणार, वहिनी."

माझ्या नव्या ओट्यासाठी मी तीन वर्षं पैसे बाजूला टाकत होते. ग्रॅनाइटचा नमुनासुद्धा पसंत केला होता. घरी येऊन मी वही उघडली आणि ती रक्कम 'फियाट'च्या पानावर वळवली. हे म्हणाले, "अगं, ओटा?" मी म्हटलं, "ओटा जुना आहे, सडलेला नाही."

मग गाडी उघडी व्हायला लागली. बंपर, दिवे, क्रोमच्या पट्ट्या, काचा, रबरं, सगळं उतरवलं. लोणच्याचे आणि बिस्किटांचे रिकामे डबे मी घरून नेले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली, 'डावं पुढचं दार, स्क्रू', 'मागची काच, रबर'. मिस्त्रींना ही पद्धत इतकी आवडली, की पुढं दुसऱ्या गाड्यांचे डबेही माझ्याच अक्षरांत लिहून घेतले.

रंग उतरवायच्या आधी त्यांनी उजव्या दारावर तळहाताएवढी जागा पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं घासली. मध्ये जास्त, कडेला कमी, बशीसारखी. अशी घासली की रंगाचे थर एकाभोवती एक कड्यांसारखे दिसतात. झाडाच्या बुंध्यात वर्षांची वलयं दिसतात ना, तसंच. बाहेरचं कडं पांढरं. त्याच्या आत दुसरं पांढरं, जरा पिवळट झालेलं. मग करडा सरफेसर. आणि त्याच्या आत, पत्र्यावरच्या प्रायमरला लगटून, बोटभर रुंदीचं एक निळं कडं. फिकट, किंचित करड्याकडे झुकणारं.

"कंपनीचा कलर हा," मिस्त्री म्हणाले. "पांढरा मागनं मारलाय."

मी फोनवर फोटो काढला. घरी हे चहा घेत होते, त्यांच्यासमोर फोन ठेवला. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. मग उठून आईच्या खोलीत गेले. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. थोड्या वेळानं सासूबाईच बाहेर आल्या आणि सांगायला लागल्या.

१९७२ सालची गोष्ट. त्या धाकट्या भाऊजींच्या बाळंतपणाला निपाणीला माहेरी गेल्या होत्या. इकडे मामंजींची गाडी उसाच्या बैलगाडीवर धडकली, पुढचा भाग चेपला. दुरुस्त करताना त्यांनी सगळी गाडीच पांढरी करून टाकली. पांढरा केव्हाही मिळतो, पुढं-मागं कुठं लागलं तर मॅच करायला सोपा, हा त्यांचा हिशेब. "तीन महिन्यांनी बाळाला घेऊन आले तर दारात पांढरी गाडी. मला वाटलं, कुणी पाहुणे आलेत." मोठा मुलगा, म्हणजे हे, तेव्हा पाच वर्षांचे. धाकटे पाळण्यात. दोघांच्या आठवणीत गाडी पांढरीच असणार. तिचा निळा रंग लक्षात असलेलं माणूस घरात एकच उरलं होतं.

"तुम्ही काही बोलला नाहीत त्यांना?" मी विचारलं.

"काय बोलणार? गाडी त्यांची." थोडं थांबून म्हणाल्या, "पाटल्या देताना मात्र कलर मी सांगितला होता."

आता प्रश्न निघाला, द्यायचा कोणता? ह्यांचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं. कागदावर पांढरा आहे, रंग बदलला की आर.टी.ओ.त नोंद करावी लागते, हेलपाटे आले. मी म्हटलं, "हेलपाटे मी घालते. रंग कोणता ते आईंना विचारा." विचारलं तर अपेक्षेप्रमाणे उत्तर आलं, "आता माझं काय, तुम्हाला आवडेल तो द्या." आपल्या पिढ्यान्पिढ्यांच्या बायकांचं हे उत्तर पाठ आहे. दोन दिवसांनी देवळातून येताना मात्र त्या हळूच म्हणाल्या, "मला एकदा तिथं ने."

दरम्यान पत्र्याचं काम चालू होतं. गंज दिसतो तेवढाच कापून भागत नाही, चांगला पत्रा लागेपर्यंत मागं जावं लागतं. मग साधारण एक मिलिमीटर जाडीच्या नव्या पत्र्याचा तुकडा वाकवून, तासून तिथं बसवायचा आणि वेल्डिंग करायचं. तेही सलग नाही. इथं एक टिपका, मग लांब तिकडे एक टिपका, मधल्या वेळात थंड होऊ द्यायचं. एका दमात सांधलं तर उष्णतेनं पातळ पत्रा पापडासारखा वेडावाकडा होतो. पोचे काढायचे ते आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडीचे हलके घाव घालत. जोरात मारलं की पत्रा ताणून लांब होतो आणि मग तो कुठं मावत नाही. पुरी लाटताना कड पातळ झाली की काय होतं हे आपल्याला माहीतच आहे.

उघड्या पत्र्यावर लगेच इपॉक्सी प्रायमर बसला. पुट्टी लागलीच, पण नखाएवढी. पुट्टी खड्डा बुजवायला नसते, हातोडीनंतर राहिलेली उणीव भरायला असते, हे मिस्त्रींचं तत्त्व. पुट्टी वाळली की त्यावर काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारायचा आणि लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासायचं. उंचवट्यावरचा काळा आधी जातो, खळग्यातला राहतो. मग तिथं पुन्हा भरायचं, पुन्हा काळा, पुन्हा घासायचं. नुसत्या हातानं घासलं तर बोटांच्या रेषा पत्र्यात उतरतात, म्हणून ठोकळा. पेपर आधी ८० नंबरचा, मग १८०, ३२०, आणि प्रायमरवर पाण्याबरोबर ४०० आणि ६००.

सासूबाईंना घेऊन गेले तेव्हा हे घासणंच चाललं होतं. पुतण्यानं खुर्ची आणून दिली, पण त्या बसल्या नाहीत. मिस्त्री डोळे मिटून दारावरून तळहात फिरवत होते, हाताखाली एक मऊ फडकं. डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळतं, फडक्यानं आणखी चांगलं कळतं, असं त्यांनी सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "मी बघू?" त्यांनी फडकं दिलं. सासूबाईंनी पदर खोचला, दारावरून एकदा हात नेला, परत आणला आणि एका जागी थांबल्या. "इथं थोडं बसलंय." मिस्त्रींनी काळा फवारा मारून घासलं, तर तिथंच रुपयाएवढा काळा डाग राहिला.

"अम्मा, उद्यापासनं कामाला या की," ते म्हणाले. त्या लाजल्या. सत्तर वर्षं पीठ, डाळ, तांदूळ हातानं पारखणारी बाई. तिच्या हाताची परीक्षा कुणी अशी घेतली नव्हती.

मग रंग जुळवायची वेळ आली. दारावरचं निळं कडं खरं असलं तरी उन्हानं आणि वरच्या रंगांनी त्याचं रूप बदललेलं. मिस्त्रींनी डॅशबोर्डमधल्या खणाची आतली बाजू पुसून दाखवली. तिथं ऊन कधी पोचलं नव्हतं. तिथला निळा अजून तसाच होता, जरा गडद, शांत. त्यावरून दुकानात रंग मिसळून तीन पत्र्यांवर मारून आणले. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही, म्हणून वाळेपर्यंत थांबलो. मग एकदा सावलीत, एकदा उन्हात धरलं. पहिल्याला सासूबाई म्हणाल्या, "हा शाळेच्या डेस्कचा." दुसऱ्याला, "हा नवा दिसतोय." तिसरा पत्रा त्यांनी उन्हात बराच वेळ धरला. काही बोलल्या नाहीत. त्यावर बोट ठेवून माझ्या हातात दिला.

एप्रिल उजाडला तरी घासणं संपलं नव्हतं. ह्यांनी मिस्त्रींना गळ घातली, दोन हात रंग मारून द्या, लग्नानंतर हवं तर परत करू. मिस्त्री हलले नाहीत. पुट्टी आणि सरफेसर पुरते वाळून बसायच्या आत रंग मारला तर पुढं ते आकसतात आणि घासल्याच्या रेषा रंगातून वर येतात. "आज चकाचक दिसंल. गणपतीपर्यंत सगळ्या रेघा मोजून घ्या." वरात भाड्याच्या गाडीतून निघाली आणि लग्न अगदी छान झालं. निळी गाडी नव्हती म्हणून कुणाचं काही अडलं नाही.

मग पाऊस. हवेत ओल असली की हार्डनर त्या ओलीशी आधी जुळतो, रंगात बारीक फोड येतात, चमक जाते. म्हणून दसऱ्यापर्यंत थांबायचं ठरलं. ह्या काळात सासूबाईंना वेगळीच शंका आली. रंगाला लॅकर म्हणतात असं त्यांनी ऐकलं होतं. "त्यात लाख नाही ना? किड्यांची असते ती." मी शोधून वाचलं. शब्द लाखेवरूनच आलाय, पण गाड्यांचा लॅकर वेगळा. १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीनं ड्यूको नावाचा रंग काढला, तो कापसापासून केलेल्या नायट्रोसेल्युलोजचा. त्याआधी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागत, ह्याला काही तास पुरायला लागले. आपले जुने पेंटर अजून 'ड्यूको' म्हणतात तो हाच. आमच्या गाडीला द्यायचा होता तो त्याहून नवा, दोन डब्यांचा पी.यू. रंग. त्यातही लाख नव्हती. त्यांचं समाधान झालं.

माझं झालं नाही. हार्डनरच्या डब्यावर आयसोसायनेट लिहिलं होतं. ते फवाऱ्यातून छातीत गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढं थोड्याशा वाफेनंही उठतो. मिस्त्रींचा पुतण्या तोंडाला रुमाल बांधून फवारा मारत असे. रुमालानं धूळ अडते, हे अडत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीनं पुरवणारा मास्क लागतो. मी मिस्त्रींना म्हटलं, मास्क आल्याशिवाय डबा उघडायचा नाही, आणि त्याचा खर्च 'फियाट'च्या पानावर. ते आधी हसले. म्हणाले, चाळीस वर्षं असंच करतोय. बोलता बोलता खोकले. मग मास्क आला. आमच्या गाडीची चमक कुणा पोराच्या छातीवर नको, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि ते मी कुणालाही अहिंसेचं नाव न घेता मांडलं.

दसऱ्यानंतर एका कोरड्या सकाळी रंग मारला. आम्ही तिघं काचेच्या बाहेर उभे होतो. धूळ बसावी म्हणून आत जमीन पाण्यानं शिंपडलेली. पुतण्याच्या डोक्याला घट्ट टोपी, कारण केसांच्या तेलाचा अंश जरी पत्र्यावर पडला तरी तिथून रंग मागं सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. बंदूक पत्र्यापासून वीतभर अंतरावर, मनगट न फिरवता, सरळ रेषेत. पहिली रेघ अर्धी झाकेल अशी दुसरी रेघ. सगळ्या गाडीचा एक हात मारायला फार वेळ लागला नाही. दहा महिने ज्याच्यासाठी गेले ते काम दुपारपर्यंत उरकलं.

हे कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आई, हीच होती?"

"हीच," सासूबाई म्हणाल्या.

पाडव्याला गाडी घरी आली. भाऊजी कोल्हापूरहून मुद्दाम आले. आर.टी.ओ.चे हेलपाटे बोलल्याप्रमाणे मीच घातले. ओटा अजून जुनाच आहे. सासूबाई अजूनही गोळी विसरतात, चष्मा शोधतात. पण परवा त्या म्हणाल्या, की आपल्या परसात पूर्वी लिंबाचं झाड होतं, तेव्हा कुणी कुणाकडे बघितलं नाही. ह्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूला?"

नवा रंग आतून पूर्ण वाळायला वेळ घेतो, संक्रांतीपर्यंत पॉलिश लावू नका, गाडी झाकूनही ठेवू नका, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. ह्यांना कुठला धीर? रविवारी सकाळी पॉलिशचा डबा आणि फडकं घेऊन अंगणात उतरले. सासूबाई कट्ट्यावर माळ घेऊन बसल्या होत्या. डोळेही न उघडता म्हणाल्या, "हात लावू नको. रंग अजून कच्चा आहे."

हे डबा घेऊन मुकाट्यानं आत आले.